नावे तेवढी तशीच ठेवा

“काका, कुत्र्याला मौक्तिक म्हणतात होय?”

संगणकावरची नजर न काढता रेवतीने हे विचारले. मी नुकताच कार्यालयात येऊन पिशवी खुंटीला अडकवत होतो. प्रश्नाचा रोख मला कळला नाही.

“कोणत्या कुत्र्याला?”

“मोतीला. ‘मार्ग चुकल्यास मौक्तिकाचे अनुसरण करावे.’ हे तुम्हीच लिहिलंय न्हवं? मोती कुत्रा आहे ओ. त्या मिरजेच्या मुलाचा मेल आलाय. शेवटी तीन उद्गारचिन्हं दिलीत त्यानं.”

“एक पुरतं,” मी म्हणालो. “आणि मूळ मजकुरात कुत्रा हा शब्द कुठंही नाही.”

“‘मोतीच्या मागे जा’ असं आहे की.”

“तूच सांगितलं होतंस, या खेळांत वाटेवर पडलेली नाणी नि रत्नं वेचत जायचं असतं. मग वाट दाखवणारा मोती का असू नये? शिवाय ‘मोतीच्या’ हे रूपच चूक आहे. पाणी, पाण्याच्या. मोती, मोत्याच्या. ते मी आधी शुद्ध केलं आणि मग प्रतिशब्द दिला.”

“कुत्र्याचं नाव आहे म्हणून ‘मोतीच्या’ आहे, काका.”

“कुत्रा झाला म्हणून त्याला व्याकरणातून सूट मिळत नाही.”

रेवती हसली नाही, याचे मला नवल वाटले. एरवी माझ्या अशा उत्तरांवर ती हसत असे.

या गोष्टीला आता नऊ वर्षे झाली. त्या वेळी मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि एकतीस वर्षे ज्या छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून बसलो, तो बंद होऊन वर्ष उलटले होते. रेवतीचे वडील, नेजदार, तेथेच जुळारी होते. त्यांनी जुळवलेले अक्षरांचे खिळे आणि त्यांत मी काढलेल्या चुका, यांवर आमची अर्धी हयात भांडणात आणि अर्धी स्नेहात गेली. त्यांच्या मुलीने राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत, एका भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, मोबाईलमधल्या खेळांचा आणि अ‍ॅपचा मजकूर मराठीत लिहून देण्याचे काम सुरू केले, तेव्हा ती मला बोलावण्यास आली. “मगदूमकाका, तुम्ही नुसते येऊन बसला तरी चुका घाबरतील,” असे ती म्हणाली. मी मोबाईलवरचा एकही खेळ कधी खेळलो नव्हतो. परंतु वाक्य हे वाक्यच असते, मग ते कोठेही छापलेले असो, अशी माझी समजूत होती.

मिरजेहून आलेले काम वरवर पाहता अगदी लहान होते. हर्षद वाघमोडे नावाच्या एका तरुणाने ‘घरवाट’ नावाचा खेळ तयार केला होता. तो पूर्वी त्याने व त्याच्या भागीदाराने मिळून, भागीदाराच्या नावावर प्रसिद्ध केला होता. भागीदारी मोडली, आणि आता हर्षद तो स्वतःच्या नावावर चढवू लागला तर मोबाईलवरचे अ‍ॅपचे दुकान तो खेळ परत पाठवी. कारण एकच: वर्णनाचा मजकूर आधीच्या मजकुराशी शब्दशः जुळतो. तपासणारा माणूस नव्हता, यंत्र होते, आणि यंत्राशी वाद घालता येत नाही. तेव्हा शब्द बदलायचे, अर्थ राखायचा. खेळाच्या पहिल्या पानावरही हाच मजकूर असल्याने तेथेही तोच बदल होणार होता. सूचना एका ओळीची होती: “सगळे शब्द बदला, नावे तेवढी तशीच ठेवा.”

आणि मुदत होती सोमवारची. मिरजेत विस्मरणाच्या रुग्णांसाठी दिवसभराचे एक केंद्र चालते; त्यांच्या नव्या तुकडीला सोमवारी हा खेळ देण्याचे ठरले होते. दुकानातून रीतसर मिळणारा खेळच घ्यायचा, असा केंद्राचा नियम होता. पुढची तुकडी सहा महिन्यांनी. पहिल्याच दिवशी रेवतीने फोन मोठ्या आवाजावर ठेवून मला हर्षदचे बोलणे ऐकवले होते.

“सोमवारच्या आत चढला नाही तर सहा महिने थांबावं लागंल सर. तेवढे सहा महिने माझ्याकडं नाहीत.”

तरुणांना कोणत्याही गोष्टीसाठी सहा महिने नसतात, असे मी मनात म्हटले. मूळ मजकूर माझ्यापुढे होता तो असा:

“दुपारचे चार वाजले आहेत. ती कोथिंबीर आणायला बाहेर पडली आणि आता तिला घर आठवत नाही. तिचा हात धरा. शाळाच्या मागून, विसावाच्या समोरून, वडाच्या पारापर्यंत चला. रस्ता चुकला तर मोतीच्या मागे जा. समाधान उभा असेल, त्याला पत्ता विचारा. घाई करू नका. ती चिडेल, जागाला अडून बसेल, तुम्हालाच परका समजेल. काही झालं तरी आशाला सोडू नका.”

छापील कागदावर मी प्रथम लाल शाईने शुद्धीकरण केले. या मुलाला सामान्यरूपाची ओळखच नव्हती. शब्दाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याच्या अंगात जो बदल होतो, ते सामान्यरूप: शाळा, परंतु शाळेच्या, जागा, परंतु जागेला. हा ‘शाळाच्या’ आणि ‘जागाला’ लिहीत होता. पाच ओळींत मी पाच ठिकाणी खुणा केल्या आणि मगच प्रतिशब्दांकडे वळलो. ‘दुपारचे चार’ याचा ‘तिसरा प्रहर’ झाला. ‘कोथिंबीर’ या शब्दाने माझा एक तास खाल्ला. विदर्भात तिला सांबार म्हणतात. पण ते लिहिले तर कोल्हापूरचा वाचक ती बाई इडलीबरोबरचे सांबार आणायला निघाली असे समजला असता. शेवटी मी ‘हिरवा मसाला’ लिहिले, आणि ते मला आजही आवडत नाही.

‘समाधान’ मात्र मी अचूक ओळखला होता. समाधान हे नाम नपुंसकलिंगी. येथे ते ‘उभा असेल’, म्हणजे पुरुष. त्यामुळे ते विशेषनाम. हा शोध मी रेवतीला अभिमानाने सांगितला होता.

“इंग्रजीत बरं असतं,” ती म्हणाली होती. “नावाचं पहिलं अक्षर मोठं. लगेच कळतंय.”

“आपल्या लिपीत सगळी अक्षरं एका उंचीची आहेत, ही तिची सभ्यता आहे. ज्याला नाव ओळखायचं त्यानं वाक्य वाचावं.”

आणि आता, वाक्य वाचूनही मी कुत्र्याचे मौक्तिक केले होते.

“आणखी एक आहे,” रेवती म्हणाली. “‘विश्रांतिस्थानासमोरून’ असं केलंय तुम्ही. विसावा चहाचं हॉटेल आहे म्हणे.”

“मग त्यानं ‘विसाव्याच्या’ लिहायला हवं होतं.”

“काका, हॉटेलवर पाटी ‘विसावा’ अशी आहे. माणूस ‘विसावाच्या समोर भेट’ म्हणतोय. ‘विसाव्याच्या समोर भेट’ म्हटलं तर कुणी येणार पण नाही.”

मी वाद वाढवला नाही. मोती व विसावा ही दोन नावे जशीच्या तशी परत ठेवली, उरलेला मजकूर पुन्हा एकदा वाचला, आणि शुक्रवारी दुपारी तो गेला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास उत्तर आले. या वेळी उद्गारचिन्ह एकही नव्हते. “मुख्य नावच गेलं,” एवढेच.

मी खुर्ची रेवतीच्या टेबलाशी ओढली. आम्ही दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवले.

“मोती आहे?” ती म्हणाली.

“आहे.”

“विसावा?”

“आहे.”

“समाधान?”

“तो पहिल्यापासून आहे. खेळाचं नाव ‘घरवाट’, तेही आहे.”

“मग मुख्य नाव म्हणजे कुठलं ओ? ती बाई?”

“तिला नावच दिलेलं नाही. सर्वत्र ‘ती’ आहे. आणि ‘ती’ला मी ‘ती’च ठेवलंय, कारण सर्वनामाला प्रतिशब्द नसतो.”

रेवतीने डोके खाजवले. “वड असेल का? वडाला काय नाव असतंय काय?”

“वडाचा मी वटवृक्ष केलाय. वडाला वटवृक्ष म्हणू नये असं कुणी म्हणत असेल तर मला त्याच्याशी बोलायचं आहे.”

शनिवारी सकाळी तिने चार वेळा फोन लावला. पाचव्यांदा उचलला गेला. फोन मोठ्या आवाजावरच होता.

“हर्षद, कुठलं नाव गेलंय ते सांग ना,” ती म्हणाली. “काका आणि मी येडं व्हायची पाळी आलीय.”

“वाचा की सर,” त्याचा आवाज दमलेला होता. “मूळचं वाचा. शेवटपर्यंत वाचलं की कळ...”

मागून दाराची कडी वाजल्याचा आवाज आला. “थांब, अगं थांब, चप्पल तरी...” असे तो दुसऱ्या कोणाला तरी म्हणाला आणि फोन बंद झाला. मग तो दिवसभर लागला नाही.

मी शेवटपर्यंत वाचले. एकदा नव्हे, मोजून नऊ वेळा. प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून तो नाम आहे, विशेषण आहे की क्रियापद, हे समासात लिहिले. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही विशेषनाम बिघडले नव्हते. पाठ्यपुस्तकांतले राजे, नद्या, घाट, तह, सगळे माझ्या नजरेखालून शुद्ध होऊन गेले होते. आणि येथे पाच ओळींत एक नाव हरवले होते, ते मला दिसत नव्हते, आणि ज्याचे हरवले होते तो ते सांगत नव्हता. भूल पडलेल्या माणसासारखी माझी अवस्था झाली. त्याच ओळींतून फिरून फिरून मी त्याच ओळींत येत होतो.

आमच्या घरी सूर्यास्ताआधी जेवण होते. त्या दिवशी कागद ताटाशेजारी ठेवून मी जेवायला बसलो. माझ्या पत्नीची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, वाढत होती.

“अक्का, प्रमिलेला विचारा, ताक आहे का?”

स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला. “ही प्रमिले कोण आणून ठेवलीय ह्यांनी घरात? मला भेटवा तरी एकदा.”

“आकारान्त स्त्रीलिंगी नामाचं सामान्यरूप एकारान्त होतं,” मी तेथूनच म्हणालो. “गंगा, गंगेला. सीता, सीतेला.”

“त्या गेल्या वर. मी अजून हितं हाय. अडतीस वर्षं झाली, ह्या माणसाच्या तोंडून मला माझं नाव धड ऐकू आलं नाही. लग्नाआधी पत्र आलं, ‘चि. सौ. कां. प्रमिलेस’. मी आईला म्हटलं, हे पत्र दुसऱ्या कुणाचं तरी आलंय.”

अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. ताक आले. मी कागदाकडे पाहत ते प्यालो.

रविवारी दुपारी मी मिरजेची एसटी धरली. रेवतीने तिच्या नोंदींतून पत्ता दिला होता. तिला मी सांगितले की मी नाव विचारायला चाललो आहे. खरे म्हणजे मी हे सिद्ध करायला चाललो होतो की नाव गेलेलेच नाही. माझ्या पिशवीत लाल खुणांचा मूळ कागद होता आणि नव्या मजकुराची स्वच्छ प्रत होती. हातकणंगले आणि जयसिंगपूर मागे पडेपर्यंत माझे मुद्दे क्रमाने तयार झाले होते.

पत्त्यात लिहिले होते: शाळेमागची गल्ली, वडाच्या पारापाशी. स्थानकावरून विचारत विचारत मी एका शाळेच्या मागच्या भिंतीशी आलो. भिंत संपली आणि समोर लाल अक्षरांत पाटी दिसली: विसावा.

मी रस्त्यात थांबलो. जो शब्द मी गुरुवारी कागदावरून पुसून टाकला होता, तो तेथे लोखंडी चौकटीत टांगलेला होता. खाली दोन बाकडी, शेगडी आणि एक गिऱ्हाईक. बाकाखाली फाटक्या कानाचा तांबूस कुत्रा आडवा पडला होता.

“मोती, सरक,” चहावाला पाय घालत म्हणाला.

मी पिशवीतून कागद काढला. शाळेच्या मागून. विसाव्यासमोरून. आता वडाच्या पारापर्यंत. मी चालू लागलो. आणि खरोखरच वड आला. मी मिरजेत चाललो होतो की त्या पाच ओळींत, हे मला क्षणभर सांगता आले नसते. मागे वळून पाहिले तर कुत्रा उठून माझ्यामागून, आणि मग माझ्यापुढून, चालू लागला होता.

पाराशी एक रिक्षा उभी होती. चालक मागच्या बैठकीवर पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होता.

“वाघमोडे कुठं राहतात?” मी विचारले.

“कुठले वाघमोडे? हितं तीन हाईत.”

“हर्षद वाघमोडे. मोबाईलचे खेळ तयार करतात.”

“मग असं सांगा की, आशा सिस्टरचं घर.” त्याने वर्तमानपत्राची घडी केली. “त्ये बघा, निळं दार. चार वाजत आलेत, निघतीलच आता कोथिंबिरीला. भेटल्या तर अडवू नका हां. नुसतं बरोबर चाला. वळायचं असलं की मोती वळवतोय त्यास्नी.”

“तुमचं नाव समाधान का?”

“आयला,” तो उठून बसला. “तुम्हाला कसं कळलं?”

माझ्या हातातल्या स्वच्छ प्रतीची शेवटची ओळ मी वाचत होतो: “कोणत्याही प्रसंगी उमेद गमावू नये.”

मग लाल खुणांचा मूळ कागद काढला. तेथे शेवटी ‘आशाला’ हा शब्द होता. त्यावर मी काट मारली होती आणि वर ‘आशेला’ असे शुद्ध रूप लिहिले होते. नंतर त्यावरही काट मारून ‘उमेद’ लिहिले होते. समासात एक टीपही होती, माझ्याच अक्षरात: “आशा सोडणे. येथे ‘ला’ अनावश्यक. निर्जीव कर्माला प्रत्यय लावण्याची हल्लीची खोड.” म्हणजे तो ‘ला’ सजीवाला लागतो हे मला माहीत होते. मी ते लिहूनही ठेवले होते.

निळे दार हर्षदने उघडले. तिशीचा, दाढी वाढलेला, गळ्यात दोरीने अडकवलेली किल्ली. मी नाव सांगितले तेव्हा त्याने मला आत घेतले आणि मागे कडी लावून वर कुलूप घातले.

“फोन नाही घेतला सर, सॉरी. काल तिनं गल्ली सोडून पार मार्केटपर्यंत मजल मारली होती.”

“आशा हे तुमच्या आईंचं नाव,” मी म्हणालो.

“हो.”

“तुम्ही सांगितलं का नाही?”

तो जरा गोंधळला. “सांगायचं काय त्यात? लिहिलेलं होतं की. खेळ तिचाच आहे, तिच्यासाठीच केलाय. मला वाटलं कुणीही वाचलं तरी कळंल.”

वास्तविक येथे मी गप्प बसावयास हवे होते. पण सवय वाईट असते, आणि तीन दिवसांचे मुद्दे माझ्याजवळ तयार होते.

“हे पाहा,” मी म्हणालो, “आईंचं नाव असलं तरी नियमानं ‘आशेला’ असंच व्हायला हवं. जुन्या गद्यात विशेषनामाचंही सामान्यरूप होतं. तुम्ही ‘शाळाच्या’ लिहिता, ‘जागाला’ लिहिता. त्याच रांगेत ‘आशाला’ आलं, म्हणून माझी फसगत झाली.”

“शाळाचं चुकलं असंल माझं,” तो शांतपणे म्हणाला. “पण आशेला म्हटलं तर ती ओ देत नाही, सर.”

तेवढ्यात आतून पावले वाजली. चौसष्ट-पासष्ट वर्षांची, ताठ कण्याची बाई. पांढरी साडी, खांद्याला पिन, हातात रिकामी कापडी पिशवी. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

“केसपेपर काढलाय का?” तिने विचारले.

“आई, हे कोल्हापूरचे मगदूम सर...”

“तू बाहेर थांब. पेशंटबरोबर एकच माणूस.” मग मला, “बसा. पेपर कुठाय?”

हर्षदने माझ्याकडे पाहिले. “तीस वर्षं ओपीडीत नावं पुकारली तिनं,” तो हळूच म्हणाला. “बाकी सगळं चाललंय. नाव तेवढं धरून आहे.”

माझ्या हातात स्वच्छ प्रत होती. ती तिने काढून घेतली, खिडकीच्या उजेडाला धरली आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवले. ती वाचत नव्हती, शोधत होती. बोट ओळीवरून सरकत राहिले. तिसरा प्रहर, हिरवा मसाला, वटवृक्ष. माझ्या प्रत्येक प्रतिशब्दावरून ते एकाच गतीने गेले, कोठेही न अडता. शेवटच्या ओळीच्या शेवटी येऊन ते थांबले. तिने कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. पुन्हा पुढची बाजू केली, आणि बोट पुन्हा पहिल्या शब्दावर नेले.

“शुक्रवारपासनं हे असंच चाललंय,” हर्षद म्हणाला. “टॅबवर मी तुमचा मजकूर घालून बघितला ना. खेळ नावावर बोट ठेवलं की सुरू होतोय. दुसरं कुठलं बटण तिला कळत नाही. आता घेऊन नुसती बसते. पुकारायची वाट बघितल्यासारखी.”

“हा कुणाचा पेपर आहे?” आशाताईंनी कागद माझ्यापुढे धरला. आवाजात राग नव्हता, शिस्त होती. “नावच नाही ह्याच्यावर. बिननावाचा पेपर मी आत घेत नाही. कुठल्या बेडला पाठवू मी ह्यांना?”

मी कागद परत घेतला.

“जा, नाव घालून आणा,” त्या म्हणाल्या.

मुद्रितशोधनात एक खूण आहे. चुकून खोडलेला शब्द परत राखावयाचा असेल, तर त्याच्याखाली टिंबे देतात आणि समासात ‘राहू द्या’ असे लिहितात. जुळाऱ्यासमोर आपली चूक कबूल करण्याची ती खूण असल्याने मी ती फारशी वापरली नव्हती. नेजदार तर म्हणत, “मगदुमाची टिंबं बघायला मिळाली तर मी पेढे वाटीन.” मी लाल खुणांचा कागद टेबलावर पसरला. ‘उमेद’ खोडले. ‘आशेला’ आधीच खोडलेले होते. त्यांच्याखाली, दोन काटांच्या मुळाशी, ‘आशाला’ अजून वाचता येत होते. त्याच्याखाली मी टिंबे दिली: एक, दोन, तीन, चार. समासात लिहिले: राहू द्या. मग नव्या मजकुराची शेवटची ओळ पुन्हा लिहिली: “काहीही होवो, आशाला एकटं टाकू नका.”

‘एकटे’ लिहिणार होतो. ‘एकटं’ लिहिले.

हर्षदने ती ओळ टॅबवर घातली आणि टॅब आईच्या हातात दिला. बोट पुन्हा तिसऱ्या प्रहरापासून निघाले. वटवृक्ष आला, मोती आला, समाधान आला. बोट थांबले नाही. शेवटच्या ओळीत दोन शब्दांवरून ते पुढे गेले आणि तिसऱ्या शब्दावर टेकले.

घंटा वाजली.

“आले हं,” आशाताई म्हणाल्या, जशी कोणी नाव पुकारल्यावर बाकावरून उठणारी बाई म्हणते. पडद्यावर एक गल्ली उजळली, आणि त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

मजकूर तेथूनच रेवतीला गेला; पाचच्या आत तिने तो पुढे पाठवला. सोमवारी सकाळी दहाला मंजुरी आली आणि अकराला केंद्राने खेळ घेतला. पुढे आशाताईंना त्यातले किती कळत राहिले, ते मला ठाऊक नाही. दीड वर्षाने हर्षदने एकदाच लिहिले होते: “मला ओळखत नाही, पण अजून नावावर बोट ठेवते.” त्या वाक्यात मला एकही दुरुस्ती सुचली नाही.

पण मी त्या रविवारबद्दल सांगत होतो. हर्षदने कुलूप काढले आणि आशाताई कोथिंबिरीला निघाल्या. मीही त्यांच्याबरोबर पारापर्यंत चाललो. पुढे कुत्रा होता. पाराशी मी निरोप घेतला तेव्हा त्यांनी मला विचारले, “नाव काय तुमचं?” मी सांगितले. त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हटले आणि मग मोठ्याने, गल्लीभर ऐकू जाईल असे पुकारले, “मगदूम!” समाधानने रिक्षातून डोके बाहेर काढले. मी हात वर केला.

स्थानकावर गाडीला वीस मिनिटे होती. सूर्य खाली आला होता. आज माझे जेवण चुकणार, हे घरी कळवणे भाग होते. मी फोन लावला. अक्कांनी उचलला.

“अक्का, प्रमिलाला द्या जरा.”

पलीकडे भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला.

“कुणाला?”

“प्रमिलाला.”

अक्कांनी फोनवर हात ठेवला असावा, तरी मला स्पष्ट ऐकू आले. “अगं ये बाई लवकर. ह्यांना काय तरी झालंय.”

मग घाईची पावले, बांगड्यांचा आवाज, आणि ती.

“अहो, बरं आहे ना तुम्हाला? कुठं आहात? घर आठवतंय ना?”